हेड पॅकिंग का जातं? : मेसच्या पिकअपने घेतलेली आमची व्हायव्हा

(बी. ई. मेकॅनिकल)

मागच्या उन्हाळ्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये सलग नऊ दिवस बटाटा होता. सकाळी बटाटा, संध्याकाळी बटाटा, रविवारी फीस्टला दम-आलू. "मेस बदला" अशा पाट्या लागल्या, मेस सेक्रेटरीच्या खोलीचं कुलूप कोणीतरी फेविक्विकने चिकटवलं. हे ज्यांना आठवत असेल त्यांना त्यामागचं खरं कारण सांगतो. कारण मेसवाल्यांचा कंजूषपणा नव्हता. कारण होतं एक ते दीड मिलिमीटर जाडीचा एक पत्रा. आणि थोडं कारण आम्ही होतो, बी-विंगच्या तळमजल्यावरचे चौघे.

पुण्याच्या मार्केट यार्डातून आपल्या मेसला भाजी आणणारे मामा सगळ्यांना माहीत आहेत. गाडी त्यांची स्वतःची, हप्त्यावर घेतलेली. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल, ब्लॉक कास्ट आयर्नचा आणि हेड अल्युमिनियमचं. एप्रिलच्या एका दुपारी खंबाटकी चढताना काटा लाल पट्ट्यात गेला, तरी मामा कसेबसे हॉस्टेलच्या गेटपर्यंत आले. बॉनेटमधून वाफ निघत होती. मामांनी गोणपाटाने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्यांचं मनगट भाजलं. मग आम्ही चौघे थर्ड इयर मेकॅनिकलचे "इंजिनिअर" मदतीला धावलो आणि बोअरच्या नळाचं दोन बादल्या गार पाणी त्या तापलेल्या इंजिनात ओतलं. मामा म्हणाले, "पोरांनो, देव तुमचं भलं करो." देवाने आमचं काय केलं ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी गाडी पाणी पिऊ लागली. एका गॅरेजने एका दिवसात पॅकिंग बदलून दिलं. विसाव्या दिवशी ते पुन्हा गेलं. मामांचा हप्ता थकला, मेसला बटाटा आला. तेव्हा आय. सी. इंजिनच्या सरांनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं आणि एवढंच विचारलं, "पाणी ओतायच्या आधी थर्मल स्ट्रेसचा चॅप्टर आठवला नाही का?" त्यानंतर सरांच्या परवानगीने लॅबचा टॉर्क रेंच, डायल गेज आणि स्ट्रेट एज घेऊन आम्ही स्टँडमागच्या चाचांच्या गॅरेजमध्ये पाच दिवस काढले. तिथे जे शिकलो ते इथे मांडतोय.

पॅकिंग नेमकं करतं काय?

पुस्तकात ज्याला सिलिंडर हेड गॅस्केट म्हणतात त्याला गॅरेजमध्ये हेड पॅकिंग म्हणतात. ब्लॉक आणि हेड यांच्या मध्ये ते दाबून बसवलेलं असतं. त्याला एकाच वेळी तीन राखणी करायच्या असतात. सिलिंडरमधला जळता वायू आत ठेवायचा, कूलंट त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं, आणि दाबाखालचं ऑइल त्याच्या वाटेने वर न्यायचं. हे तिघं एकमेकांपासून काही मिलिमीटरवर असतात आणि त्यांची भेट कधीही होता कामा नये.

आता आकडे बघू. पेट्रोल इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो साधारण १० च्या आसपास, डिझेलचा १६ ते २२. टर्बो डिझेलमध्ये ज्वलनाचा दाब १२० बार धरला आणि बोअर ९० मिमी धरला, तर:

क्षेत्रफळ = ०.७८५ × ९० × ९० = सुमारे ६३६० चौरस मिमी
बल = ६३६० × १२ = सुमारे ७६,००० न्यूटन

म्हणजे पावणेआठ टन! एका सिलिंडरमध्ये, दर दुसऱ्या फेऱ्याला, हेड वर उचलायला भरलेल्या ट्रकएवढा जोर लागतो. त्याला धरून ठेवतात बोल्ट. आमच्या इंजिनात दहा बोल्ट होते, प्रत्येक सिलिंडरभोवती चार, मधले बोल्ट शेजाऱ्यांत सामाईक. प्रत्येक बोल्ट ६०,००० न्यूटन ताणाने आवळला तर चार बोल्टांचे २,४०,००० न्यूटन होतात, म्हणजे वायूच्या बलाच्या तिप्पट. मशीन डिझाइनमध्ये प्रीलोड या शब्दाखाली आपण जी रेघ मारतो ती ही. बोल्टचा ताण कमी झाला की प्रत्येक स्फोटाला हेड केसभर उचललं जातं, आणि त्या केसाएवढ्या फटीतून आग बाहेर पडते.

मग ते जातं का?

गॅरेजमध्ये सगळे म्हणतात, "पॅकिंग उडालं." चाचांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, "पॅकिंग आपणहून जात नाही, त्याला कोणीतरी घालवतं. घालवणारा सापडत नाही तोवर नवीन पॅकिंग आणू नका." आमच्या पाच दिवसांच्या अभ्यासाचं हे एका वाक्यात सार आहे. पहिल्या गॅरेजने पॅकिंग बदललं होतं, पण ते घालवणारा शोधला नव्हता.

मोठा गुन्हेगार म्हणजे उष्णता. अल्युमिनियमचा प्रसरण गुणांक अंशाला सुमारे २३ मायक्रॉन प्रति मीटर, कास्ट आयर्नचा सुमारे ११. हेडची लांबी ४५० मिमी धरा आणि तापमान ३० वरून १०० अंशावर न्या. हेड ०.७२ मिमी वाढतं, ब्लॉक ०.३५ मिमी. म्हणजे रोज इंजिन तापताना आणि गार होताना दोघं एकमेकांवर एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडं जास्तच सरकू पाहतात आणि पॅकिंग मध्ये घासलं जातं. हे त्याला सोसतं, कारण डिझाइन त्यासाठीच आहे. पण इंजिन उकळलं की हेडला लांब व्हायचं असतं आणि बोल्ट त्याला होऊ देत नाहीत. मग ते मधोमध फुगतं आणि गार झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. यालाच हेड वाकलं म्हणतात. अशा तापलेल्या हेडवर आतून एकदम गार पाणी आलं तर एक बाजू आकसते आणि दुसरी तशीच राहते. त्यातून वाक वाढतो, कधी व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये तडाही जातो. आमच्या दोन बादल्यांची किंमत ही.

लक्षणं आणि चाचण्या

लक्षणं सगळ्यांना पाठ असतात, पण प्रत्येकाला दुसरंही कारण असू शकतं. म्हणून नुसत्या लक्षणावर इंजिन खोलू नये.

१) कूलंट कमी होतं, बाहेर गळती नाही. पॅकिंग असू शकतं. पण ईजीआर कूलर फुटला तरीही हेच होतं.

२) पांढरा धूर. डिझेल थंडीत सुरू करताना न जळलेल्या इंधनाचाही पांढरा धूर येतो, त्याचा वास झोंबतो. कूलंटची वाफ हवेत लवकर विरते आणि तिला गोडसर वास असतो.

३) ऑइलचा चहा होणं. झाकणाखाली सायीसारखा थर दिसतो. गाडी पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारत असेल तर नुसत्या दमटपणानेही थोडी साय धरते. डिपस्टिकवरही तोच रंग दिसला तर मात्र खरंच गंभीर आहे.

४) गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं. पाणी तापायच्या आधी दाब आला कुठून? सिलिंडरमधून. हे लक्षण बरंच खात्रीचं.

मामांच्या गाडीला पहिलं आणि चौथं होतं. मग आम्ही कॉम्प्रेशन टेस्ट घेतली. डिझेलला मोठ्या रेंजचा गेज लागतो, तो ग्लो प्लगच्या भोकात बसवतात. आकडे आले २७, १७, १६ आणि २६ बार. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले, म्हणजे भिंत त्या दोघांच्या मधली गेलेली. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असते तर असे जोडीने शेजारी बहुधा पडले नसते.

शेवटी लीक-डाउन. दुसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणून त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडली. (क्रँक आधी पक्का अडकवा, नाहीतर हवेने पिस्टन खाली जाऊन पाना हातावर बसतो.) मग कान लावून ऐकायचं. इनटेकमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा तडा. आमच्याकडे रेडिएटर बुडबुडला आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातूनही फुस्स आलं. निदान पक्कं झालं.

एक सूचना जीवावरची नाही पण इंजिनाच्या जीवावरची आहे. रात्रभर उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून आधी हाताने फेरा द्या.

खोलताना

इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कूलंट आणि ऑइल सोडा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असं ते उघड्यावर ठेवू नका.

कॉमन रेलच्या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करणं म्हणजे कातडीत डिझेलचं इंजेक्शन घेणं. बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. काढलेल्या प्रत्येक पाइपच्या तोंडाला लगेच स्वच्छ टोपी लावा, धुळीचा एक कण इंजेक्टर खातो.

पहिला सिलिंडर टीडीसीवर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा, मोबाइलवर फोटो काढा, मगच टायमिंग सोडा. चाचांनी आम्हाला प्रत्येक भागाचे बोल्ट पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्याच क्रमाने खोचायला लावले. शेवटी "हा बोल्ट कुठला?" असा प्रश्न एकदाही आला नाही, जो आमच्या वर्कशॉपच्या जॉबला दरवेळी येतो.

हेडचे बोल्ट सैल करताना क्रम उलटा, म्हणजे बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत. एका टोकाचा बोल्ट एकदम पूर्ण सोडला तर हेड तिथेच वाकतं. उचललेलं हेड फरशीवर पालथं ठेवायचं नाही, लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवायचं, कारण ग्लो प्लग आणि इंजेक्टरची टोकं खाली डोकावत असतात.

जुनं पॅकिंग टाकू नका, वाचा

हेड निघालं तेव्हा आमच्यापैकी एकाने जुनं पॅकिंग भंगारात टाकायला उचललं. चाचा ओरडले, "अरे, रिपोर्ट टाकतोस काय? आण इकडं." दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर काजळीची काळी वाट होती आणि तिचा एक फाटा पाण्याच्या भोकापर्यंत गेला होता. कॉम्प्रेशन टेस्टने जे आकड्यात सांगितलं तेच इथे चित्रात होतं.

साफ करताना प्लास्टिकचं स्क्रेपर आणि क्लीनर वापरा. ग्राइंडरला घासणारी चकती लावून झटपट चकचकीत करायचा मोह होतो. पण अल्युमिनियमवर तिने खड्डे पडतात, आणि चकतीची पूड ऑइलच्या वाटांत जाऊन बेअरिंगं खाते. फार जुन्या गाडीचं पॅकिंग असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ते कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा.

बोल्टची भोकं हवेने पूर्ण कोरडी करा. हे का ते आम्हाला माहीत नव्हतं. भोक तळाशी बंद असतं. त्यात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर तो हायड्रॉलिक प्रेसच्या पिस्टनसारखा काम करतो. ब्लॉकला तडा जातो, किंवा टॉर्क रेंच "झालं" म्हणतो आणि हेड मात्र दाबलेलंच नसतं. दहापैकी तीन भोकांत ऑइल आणि गाळ निघाला. पहिल्या वेळच्या दुरुस्तीचा हा पहिला पुरावा.

मोजमाप: इथेच खरा अभ्यास

हेडवर स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज घालून बघितलं. बऱ्याच इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये परवानगी ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते. आमच्या हेडखाली मधोमध ०.१८ ची पट्टी गेली. म्हणजे हेड वाकलेलंच होतं आणि पहिल्या वेळी ते तसंच परत बसवलं होतं. हा दुसरा पुरावा.

हेड फेसिंगला आणि प्रेशर टेस्टला पाठवलं. ते गरम पाण्यात बुडवून आतून हवा देतात, तडा असेल तर बुडबुडे येतात. ती संध्याकाळ आम्ही चौघांनी काही न बोलता काढली. तडा निघाला असता तर नवीन हेड, आणि नवीन हेडचे पैसे मामांकडे नव्हते. मामा टपरीवर बसून होते. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही विचारलं नाही की पाणी का ओतलंत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. निरोप आला, तडा नाही.

फेसिंगबद्दल एक गैरसमज आहे. "हेड फेस केलं की कॉम्प्रेशन वाढतं" हे पेट्रोलसाठी खरं, कारण ज्वलनकक्ष हेडमध्ये असतो. आजच्या डायरेक्ट इंजेक्शन डिझेलमध्ये हेड सपाट असतं आणि वाटी पिस्टनमध्ये असते. तिथे फेसिंगने आकारमान जवळपास बदलत नाही. मात्र व्हॉल्व्ह खाली पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचं टोक जास्त डोकावतं. म्हणून आम्ही हेडची उरलेली उंची मॅन्युअलच्या किमान मापाशी ताडली, व्हॉल्व्हच्या सीटा तेवढ्याच खाली घेतल्या आणि इंजेक्टरखालचे वॉशर तपासले. काही हेडांना फेसिंगची परवानगीच नसते, ते आधी वाचा.

मग पॅकिंगची जाडी. दुकानात "या गाडीचं पॅकिंग द्या" म्हटलं तर मिळतं, पण एकाच इंजिनाला जाडीचे दोन-तीन प्रकार असतात. काठावर असलेली भोकं किंवा खाचा ही त्यांची खूण. डायल गेज ब्लॉकच्या पृष्ठावर शून्य करून पिस्टन टीडीसीला किती वर येतो ते चारही सिलिंडरांवर मोजलं. ०.६२, ०.६५, ०.६४, ०.६६ मिमी. निवड सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे ०.६६ वर. मॅन्युअलप्रमाणे दोन भोकांचं, १.३० मिमीचं पॅकिंग यायला हवं होतं. काढलेल्यावर एकच भोक होतं, म्हणजे १.२० मिमीचं. तिसरा पुरावा.

०.१० मिमीने काय होतं? जर्नलच्या एका पानाची जाडी तेवढी असते. पिस्टन आणि हेडमधली फट ०.६४ ऐवजी ०.५४ राहते. वेगात रॉड ताणला जातो, बेअरिंगची मोकळीक त्यात भर घालते, वर काजळी साचते. उलट गरजेपेक्षा ०.१० जाड घातलं तर क्लिअरन्स व्हॉल्यूम सुमारे ०.६४ घन सेंमीने वाढतो. ९० बाय ९० च्या इंजिनात १८ चा रेशो १७.७ वर येतो आणि थंडीत सुरू व्हायला त्रास होतो. इंजिनात "थोडंसं" असं काही नसतं.

बोल्ट: आमचा सगळ्यात मोठा धडा

दहाही बोल्ट टेबलावर शेजारी उभे केले. दोन बोल्ट उंच दिसले, आणि त्यांची मान आट्यांच्या वर किंचित बारीक झाली होती. स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हमधलं नेकिंग आम्ही पहिल्यांदा यूटीएमशिवाय बघितलं. हे बोल्ट यील्डपर्यंत ताणायचेच असतात, म्हणून त्यांची कमाल लांबी मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि बऱ्याच इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात. नवीन संच घेतला.

आता गणित. टॉर्क = टॉर्क गुणांक के × बल × व्यास. एम १२ बोल्टला ६०,००० न्यूटन ताण हवा आणि के ०.२ धरला तर:

०.२ × ६०,००० × ०.०१२ = १४४ न्यूटन-मीटर

आता रेंच १४४ वरच ठेवा आणि आटे बदला. चांगलं ऑइल लावलेले आटे, के ०.१५: ताण ८०,००० न्यूटन, म्हणजे १०.९ ग्रेडचा बोल्ट यील्डवर. गंजलेले आटे, के ०.३: ताण ४०,००० न्यूटन. रेंचवर तिन्ही वेळा तोच आकडा, तोच "टक्". पण प्रत्यक्ष ताणात दुपटीचा फरक! कारण आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच बोल्ट ताणायला जातो, बाकी डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात संपतो.

म्हणूनच कोनाने आवळायची पद्धत आली. आधी कमी टॉर्कने सगळे बोल्ट बसवायचे, मग ठरलेले अंश फिरवायचे. एम १२ चा पिच १.७५ मिमी. ९० अंश म्हणजे पाव फेरा, म्हणजे ०.४४ मिमी पुढे. आटे कोरडे असोत की ओले, पाव फेरा हा पाव फेराच.

आमच्या इंजिनाचा क्रम होता: मधून बाहेर गोगलगाईसारखा, पहिल्यांदा ३० न्यूटन-मीटर, मग ६०, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश. हे आकडे उदाहरण म्हणून घ्या, तुमच्या इंजिनाचे त्याच्याच मॅन्युअलमधून. चाचांनी प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कोणता बोल्ट किती फिरला ते लांबूनही दिसतं. टॉर्क रेंच आमचा, ठिपका त्यांचा. पस्तीस वर्षं हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्या माणसाने शेवटी म्हटलं, "हा कोनाचा हिशोब बरा आहे. हाताला वय असतं, कोनाला नसतं."

पॅकिंग कोरडं बसवलं. मल्टी-लेअर स्टीलच्या पॅकिंगला सिलंट फासायचं नसतं, त्याचा लेप कारखान्यातूनच येतो. बाजू नीट बघा, "टॉप" वर.

घालवणारा सापडला

इंजिन बसवायच्या आधी कूलिंग सिस्टिम तपासली.

रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली होती. झाकण ०.९ बारचं असलं की साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशापर्यंत उकळत नाही. दाब धरला नाही तर १०० च्या आतच, आणि घाटाच्या उंचीवर अजून थोडं आधी. इतक्या स्वस्त वस्तूने अठरा अंशांचा बचाव काढून घेतला होता.

रेडिएटरच्या खालच्या नळ्या पांढऱ्या थराने अर्ध्या बुजल्या होत्या. कसला थर? हॉस्टेलच्या गिझरच्या कॉइलवर असतो तोच. मामा दर फेरीला आपल्याच बोअरचं पाणी भरत होते आणि बादली आम्हीच देत होतो.

तिसरं, थर्मोस्टॅट काढून टाकलेला. "थर्मोस्टॅट काढला की गाडी गार राहते" हा सर्वत्र पसरलेला समज. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच परत इंजिनात फिरतो. घाटात, भर लोडवर, नेमकं तेव्हाच नडतं.

नवीन झाकण, नवीन थर्मोस्टॅट, रेडिएटर खोलून साफ, आणि डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं कूलंट. ऑइल आणि फिल्टर नवीन. आधी इंधन बंद ठेवून क्रँक करून ऑइलचा दाब आणला, मग सुरू केलं. हवा काढली, वरचा होज हळूहळू गरम झाला, खालचा थर्मोस्टॅट उघडल्यावर. बुडबुडा नाही. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं, कारण आत राहिलेला कूलंटचा अंश बेअरिंगला घातक असतो.

परदेशातलं एक उदाहरण

हा प्रश्न फक्त आपल्या गॅरेजांचा नाही. अमेरिकेत फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये २००३ ते २००७ या मॉडेल वर्षांत ६.० लिटरचं पॉवर स्ट्रोक व्ही-८ डिझेल होतं, बनवणारी कंपनी इंटरनॅशनल (नॅव्हिस्टार). हेड पॅकिंग जाण्यासाठी ते तिथे कुप्रसिद्ध आहे. आधीच्या ७.३ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती सहा बोल्ट होते, यात चार, तेही यील्डपर्यंत ताणायचे. त्यात ऑइल कूलरच्या बारीक वाटा कूलंटमधल्या गाळाने बुजायच्या. मग पुढच्या ईजीआर कूलरला कूलंट कमी मिळून तो फुटायचा, पाणी सिलिंडरमध्ये जायचं, आणि दाबाने हेड उचललं जायचं. अनेक मेकॅनिक केबिन चेसिसवरून उचलून दोन्ही पॅकिंगं बदलतात आणि बोल्टांऐवजी जाड स्टड घालतात. स्टड आधी हाताने बसतो, मग वरचा नट आवळला की तो मुख्यतः सरळ ताणला जातो, बोल्टसारखी पीळ त्याला कमी बसते. पण जाणकार तिथेही हेच सांगतात: ऑइल कूलर तसाच ठेवून नुसते स्टड घालू नका. चाचांचं वाक्य इंग्रजीतही खरं आहे!

व्हायव्हात विचारतील असे प्रश्न

प्र. बोल्ट मधून बाहेर का आवळतात? उ. पॅकिंग मधून सपाट होत कडेला जातं. उलट केलं तर मध्ये फुगवटा अडकतो.

प्र. पुन्हा टॉर्क द्यायचा का? उ. जुन्या कंपोझिट पॅकिंगना बहुधा हो. मल्टी-लेअर स्टील आणि कोनाने आवळलेल्या बोल्टांना सहसा नाही. मॅन्युअल सांगेल ते.

प्र. इंजिन उकळलं तर? उ. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, झाकणाला हात लावू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. पाणी घालायचंच तर गार झाल्यावर, आणि हळूहळू.

शेवटचं उत्तर आम्हाला थर्ड इयरला येत होतं. परीक्षेत लिहिलंही असतं. गेटवर आठवलं नाही.

सगळं झाल्यावर आम्ही सरांना विचारलं, "हेड वाकण्यात आमच्या बादल्यांचा वाटा किती?" सर म्हणाले, "ते आता मोजता येणार नाही. पण शून्य नाही, एवढं लक्षात ठेवा." फेसिंगचे पैसे आम्ही चौघांनी ट्रिपच्या पैशातून दिले. मामा घेत नव्हते, चाचांनी दम दिला तेव्हा घेतले.

मामांची गाडी पुन्हा खंबाटकी चढते आहे. गेटजवळच्या नळावर आम्ही एक पाटी लावली आहे: "हे पाणी इंजिनात घालू नये." येणारे-जाणारे हसतात. हसू देत. खाली कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन ठेवला आहे, तो रिकामा दिसला तर बी-विंगमध्ये सांगा. आणि मेसमध्ये भेंडी आली की एकदा मामांना हात करा.